लूथर बरबँक आणि हिमालयाचे नाव लावणारी जाळी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात डब्लिन नावाचे शहर आहे. नाव आयर्लंडचे असले तरी तेथे आज आपल्या भारतीय लोकांची मोठी वस्ती आहे. त्या भागात उन्हाळ्यात ओढ्याकाठी काळ्याभोर फळांनी लगडलेल्या काटेरी जाळ्या दिसतात. त्यांना हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. नाव ऐकून आपुलकी वाटते खरी, पण ही जाळी हिमालयातली नव्हे. हे नाव तिला देणारे लूथर बरबँक यांचे चरित्र म्हणूनच जाणून घेण्यासारखे आहे.

बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लँकेस्टर येथे झाला. पंधरा भावंडांत ते तेरावे. शिक्षण माध्यमिक शाळेपलीकडे गेले नाही. मात्र डार्विनचे ग्रंथ वाचून झाडांचे गुण बदलण्याचा ध्यास त्यांना लागला. १८७२ साली बटाट्याच्या एका बोंडातील २३ बिया लावून त्यांनी मोठा, उत्तम बटाटा निवडला. त्याचे हक्क १५० डॉलरना विकून ते १८७५ साली कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे गेले. डब्लिनहून उत्तरेस असलेले हे गाव मग त्यांचे कायमचे घर झाले.

पुढील पन्नास वर्षांत त्यांनी ८०० हून अधिक नव्या जाती तयार केल्या. रास्पबेरी आणि तिची रानटी भावंडे यांच्यावर त्यांचे विशेष प्रेम. सायबेरियाची रास्पबेरी आणि कॅलिफोर्नियाची रानजाळी यांचा संकर करून त्यांनी प्रायमस ही नवी जात काढली. पांढऱ्या फळांची ब्लॅकबेरीसुद्धा पिकवली. हजारो रोपांतून एखादे ठेवायचे आणि बाकीची जाळून टाकायची, अशी त्यांची पद्धत होती.

१८८५ च्या सुमारास हिंदुस्थानातून आलेल्या बियांतून एक दांडगी जाळी उगवली. फळ मोठे, पीक भरघोस. बी हिंदुस्थानातून आले म्हणून त्यांनी तिचे नाव हिमालया ठेवले आणि रोपे विकली. पुढे शास्त्रज्ञांनी ठरवले की तिचे मूळ आर्मेनिया व उत्तर इराणकडचे आहे.

ही जाळी मळ्यात राहिली नाही. फांदीचे टोक जमिनीला टेकले की तेथे मूळ फुटते आणि पाखरे बी दूरवर नेतात. आज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ती देशी झाडांना दडपून टाकते. नाजूक रास्पबेरीची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात, माव्यामुळे तिला विषाणूरोग जडतात. पण तिची ही बहीण सहसा हार मानत नाही. उलट द्राक्षवेली मारणाऱ्या पिअर्स रोगाच्या जंतूंना व तो पसरवणाऱ्या तुडतुड्यांना ती आसरा देते. म्हणून सांता रोझाच्या परिसरातील द्राक्षमळेवाले तिला ओढ्याकाठून काढत असतात. २००५ साली ऑरेगन राज्यात तिच्यावर तांबेरा आढळला, तरी तिचा पुरता बंदोबस्त झालेला नाही.

बरबँक यांचा हेतू निर्मळ होता. गरिबाच्या ताटात स्वस्त फळ यावे असे त्यांना वाटे. उणीव होती ती नोंदींची. कार्नेगी संस्थेने १९०५ पासून त्यांना वर्षाला १०,००० डॉलर दिले. पण शास्त्राला उपयोगी पडतील अशा नोंदी न मिळाल्याने १९०९ साली ही मदत थांबली. ११ एप्रिल १९२६ रोजी ते वारले आणि आपल्याच बागेतील देवदाराखाली विसावले. परमहंस योगानंदांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र त्यांनाच अर्पण केले आहे.

आपल्या मॉरिशसच्या रानातही बाहेरून आलेली पिकां लुलू अशीच माजली आहे. ती रास्पबेरीच्याच कुळातली. म्हणून विद्यार्थ्यांनी बरबँक यांची चिकाटी जरूर घ्यावी. पण परक्या मुलखातले बी खिशात घालून आणू नये, आणि कोणतेही नवे रोप लावताना ते कोठून आले व कधी लावले हे वहीत लिहून ठेवावे.