नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक, कीर्तनकार आणि संपादक होते. केशवसुत, विनायक, गोविंदाग्रज व बालकवी यांच्या बरोबरीने त्यांची गणना आधुनिक मराठी कविपंचकात होते. फुले आणि मुले या विषयांवरील कवितांमुळे ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे समकालीन असून दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातील चित्पावन कुळांतले. आडनावाच्या या साम्यामुळे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आजही क्वचित एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

== बालपण आणि भटकंती ==

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव अत्यंत कडक होता. आई जानकीबाई सौम्य व काव्याची आवड असलेल्या होत्या. नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना आई वारली आणि घराशी असलेला त्याचा धागा जवळजवळ तुटला. पुढे तो नाशिकला आला व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. इंग्रजी शिक्षण मात्र अपुरेच राहिले.

१८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाला. तीच लक्ष्मीबाई. वधूचे वय तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. तिचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत इतके टोकाचे होते की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन शुद्ध केल्याशिवाय आत घेतली जात नसे. ज्या मुलीचे बालपण अशा घरात गेले तिच्या वाट्याला पुढे कोणता प्रसंग आला, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते.

विवाहानंतरची दहा-बारा वर्षे टिळक एका जागी टिकले नाहीत. शिक्षक, कीर्तनकार, शीघ्रकवी, पुराणिक अशी नाना कामे त्यांनी केली. अचानक घर सोडून जाणे हा त्यांचा जणू स्वभावधर्मच होता, आणि लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी नातलगांकडे दिवस काढीत. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम केले व ‘ऋषि’ हे मासिक चालविले. याच काळात त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. जातिभेद, बालविवाह आणि परवशता यांनी खिळखिळ्या झालेल्या हिंदुस्थानाला एकत्र बांधील असा धर्म कोणता? त्यांचा धर्मशोध असा देशाच्या चिंतेतून सुरू झाला. वैयक्तिक मुक्तीचा विचार त्यात नंतर आला. त्यांच्या पुढील आयुष्याचा उलगडा करताना हा क्रम विसरता येत नाही.

== धर्मांतर ==

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे जात असता आगगाडीत त्यांची एका युरोपीय मिशनऱ्याशी भेट झाली. दोघांत काव्य व धर्म यांविषयी बोलणे झाले आणि त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केल्याचे सांगितले जाते. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते चिकित्सेच्या हेतूने. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि त्यातून त्यांचे मन निघाले नाही. पुढे मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. हेच ॲबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून प्रसिद्ध झाले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी रे. तुकाराम नाथोजी या भारतीय पाळकाच्या हातून घेतला. मिशन परदेशी असली तरी दीक्षा देणारा हात स्वदेशी होता. ख्रिस्ती होणे म्हणजे हिंदी समाजातून बाहेर पडणे नव्हे, ही त्यांची धारणा पहिल्या दिवसापासूनच दिसते. समाजाने मात्र ती मान्य केली नाही. ते जातीबाहेर गेले, आणि पत्नी व लहान मुलगा देवदत्त (दत्तू) यांच्यापासूनही दुरावले.

== विभक्त वर्षे ==

बाप्तिस्म्याची पूर्वकल्पना लक्ष्मीबाईंना देण्यात आलेली नव्हती. टिळकांचे गुणगान करणारे लेखक या गोष्टीवरून घाईने पुढे जातात. वस्तुतः त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रश्न येथेच उभा राहतो. सत्य गवसले असे ज्याला वाटते त्याने त्याप्रमाणे वागावे हे खरे. पण त्याची किंमत जिला मोजावी लागणार, तिला एका शब्दाने विचारलेही नव्हते. त्या काळच्या रूढीप्रमाणे लक्ष्मीबाई सौभाग्यवती असूनही नवऱ्यावाचून झाल्या. नातलगांनी त्यांना पंढरपुरास नेले. दत्तूच्या आधीची अपत्ये जगली नव्हती, त्यामुळे हा एकुलता मुलगाही बापाकडे जाईल ही धास्ती घरात सतत होती.

१८६६ च्या कायद्यान्वये, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिलेल्या ख्रिस्ती व्यक्तीस विवाहविच्छेद मागता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते अहमदनगर येथे मिशनच्या सेमिनरीत शिकवीत राहिले व पत्नीस पत्रे लिहीत राहिले. या पत्रव्यवहाराचा बराचसा भाग पद्यात होता. लक्ष्मीबाईही पद्यातच उत्तरे देऊ लागल्या. ज्या स्त्रीस जोडाक्षरे कधीच धड लिहिता आली नाहीत, तिच्यातील लेखिकेला या ताटातुटीत वाचा फुटली.

सुमारे साडेचार-पाच वर्षांनंतर लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या, त्याही आपला धर्म व सोवळे सांभाळून. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. टिळकांचा स्वभाव तापट होता, तरी या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे सोवळे हळूहळू, स्वतःच्या विचाराने गळून पडले. जात माणसाने केली, देवाने नव्हे, असे मनाने घेतल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली, आणि १९०० मध्ये त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला.

संसार पुन्हा उभा राहिला, पण तो सरळ कधीच चालला नाही. पगाराचे पैसे घरी पोहोचण्यापूर्वी कोणा गरजवंताच्या हाती जात. बाजाराला गेलेले टिळक भलतीच वस्तू घेऊन परतत. रागाच्या भरात ते घर सोडून निघत आणि थोड्या वेळाने पश्चात्तापाने परत येत. दुष्काळातील अनाथ मुले त्यांनी घरी आणली. त्यांना खाऊपिऊ घालण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडला. प्लेगच्या साथीत दोघांनीही रुग्णसेवा केली. पतीचे औदार्य आणि त्यामागची ओढाताण या दोन्ही गोष्टी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त विनोदाने व विलक्षण निर्मळपणे सांगितल्या आहेत. टिळकांचे इतके खरे चित्र दुसऱ्या कोणत्याही चरित्रात सापडत नाही.

== मुले, तरुण आणि बालकवी ==

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांचे खरे व्यासपीठ मात्र कीर्तन आणि कविता हेच राहिले. अहमदनगरास ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा त्यांच्या आधीच सुरू झाली होती. तिला त्यांनी काव्यगुणांची जोड दिली. सेमिनरीतील तरुणांना ते संस्कृत व संतवाङ्मयाची ओळख करून देत. उपदेशकाला स्वतःच्या देशाचे वाङ्मय येत नसेल तर त्याचे ऐकणार कोण, असा त्यांचा रोख असे. मुलांसाठी त्यांनी ‘बालबोधमेवा’ या मासिकाचे संपादन केले. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही जखमी पक्षिणीवरील कविता तर पाठ्यपुस्तकांतून मराठी मुलांच्या पिढ्यान्पिढ्यांनी म्हटली आहे.

१९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोराने सर्वांना मोहित केले आणि त्यास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी या मुलाला अहमदनगरास आपल्या घरी आणले. तो त्यांच्या कुटुंबातच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे आईच्या मायेने सोसले. टिळकांकडून त्याला निसर्गकवितेची दृष्टी लाभली, प्रोत्साहन लाभले, घर लाभले. बाप्तिस्म्याची अट त्यासाठी कधीच नव्हती. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. मिशनच्या आवारात राहणाऱ्या पाळकाच्या घरी हे घडले, याचे महत्त्व त्या काळाच्या संदर्भात मोठे आहे. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला.

== देशभक्ती आणि मिशनशी मतभेद ==

टिळक राष्ट्रवादी विचारांचे होते. तत्कालीन समाजात ख्रिस्ती मनुष्य म्हणजे सरकारचा माणूस असा समज होता, आणि काही ख्रिस्ती कुटुंबांतील पोशाख, नावे व राहणी पाहता तो अगदीच निराधार नव्हता. टिळकांनी या दोन्ही बाजूंशी वाद मांडला. हिंदुस्थानावर प्रेम करणे हे ख्रिस्ती कर्तव्यच आहे, असे ते आपल्या बांधवांना सांगत. ख्रिस्त हा पौर्वात्य असून त्याची ओळख करून घेण्यासाठी पाश्चात्त्य वेष चढविण्याची गरज नाही, हे ते इतरांना सांगत. देशभक्तिपर कविता त्यांनी विपुल लिहिली.

हाच विचार त्यांनी उपासनेत आणला. तोवर मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी अभंग, ओवी, पद व भजन यांच्या रूपात दोनशेहून अधिक गीते रचली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने मान्य करीत. त्यांचे ‘अभंगांजली’ हे पुस्तक या वृत्तीचे उत्तम उदाहरण होय. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्यांची गीते आजही गायली जातात.

१९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ या जुन्या मिशनरी नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. परदेशी मिशनरी आणि भारतीय ख्रिस्ती यांचे नाते मालक-नोकराचे न राहता भावाभावांचे व्हावे, देशी मंडळ्यांचा कारभार देशी माणसांनी पाहावा, ही त्यांची मागणी होती. अनेक मिशनऱ्यांशी त्यांचा वैयक्तिक स्नेह होता, म्हणूनच हा मतभेद त्यांना जड गेला.

== देवाचा दरबार ==

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही संस्था सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ असावा, अशी त्यांची कल्पना होती. चर्चच्या दृष्टीने ही धाडसी गोष्ट होती, कारण बाप्तिस्मा हीच तेथे आतली आणि बाहेरची अशी सीमारेषा. सनातनी हिंदूंनाही ती संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते. ज्या रेषेमुळे १८९५ मध्ये त्यांचे स्वतःचे घर दुभंगले होते, तीच पुसण्याचा हा प्रयत्न होता.

घराच्या बाजूने पाहता, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पगार सोडणारा पती ही लक्ष्मीबाईंसाठी पुन्हा एक परीक्षाच होती. फरक इतकाच की या वेळी त्या पतीपासून दूर गेल्या नाहीत.

दरबाराला रूप येण्यास पुरेसा वेळ मिळाला नाही. प्रकृती खालावल्याने टिळकांना मुंबईस नेण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती प्रघात दफनाचा असताना त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले व अस्थी अहमदनगर येथे पुरण्यात आल्या.

== साहित्य ==

‘वनवासी फूल’ व ‘सुशीला’ ही खंडकाव्ये, ‘अभंगांजली’ आणि स्फुट कविता ही त्यांची प्रमुख रचना. कवितेचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. उपदेश जेथे वरचढ होतो तेथे ती सपाट होते. फूल, पाखरू किंवा मूल समोर असले की ती खुलते. ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. जे. सी. विन्स्लो यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. पतीच्या दीक्षेची वार्ता ऐकून एके काळी ज्यांचे जग कोसळले होते, त्यांनीच या काव्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ग्रंथ छापून व्हावयाचा होता. उरलेले काम देवदत्त टिळक यांनी तडीस नेले.