हरवलेली कार-चावी बाद कशी करायची? अर्देशीर गोदरेज यांनी हा प्रश्न १०० वर्षांपूर्वीच सोडवला होता

जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, टायर बघतो, इन्शुरन्सची तारीख बघतो. चाव्या किती मिळाल्या हे शेवटी, व्यवहार झाल्यावर विचारतो. आणि मिळाल्या त्याशिवाय आणखी एखादी चावी आधीच्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये पडली आहे का, हे तर कोणीच विचारत नाही.

स्पेअर रिमोट घरच्या घरी प्रोग्रॅम करता येतो का, असं मला ओळखीतले लोक सारखं विचारतात. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे म्हणजे मला हे माहीत असणारच, असा त्यांचा समज. उत्तर या लेखात पुढे आहे. पण नवी चावी जोडणं हे अर्धंच काम आहे. जुनी चावी बाद करणं हे उरलेलं अर्धं, आणि जास्त महत्त्वाचं. हे ज्या माणसाला मुंबईत फार आधी नीट कळलं होतं, त्याचं नाव अर्देशीर बुर्जोरजी सोराबजी गोदरेज.

गोदरेज हे नाव आपल्याकडे कपाटाला चिकटलेलं आहे. मी घाटकोपरचा. इथून ठाण्याच्या बाजूला लोकलचं पुढचं स्टेशन विक्रोळी, आणि विक्रोळी म्हटलं की गोदरेज. पण कंपनी सगळ्यांना माहीत आणि माणूस जवळजवळ कोणालाच नाही, अशी गत आहे. त्यात त्यांचा स्वभाव प्रसिद्धीचा नसावा, असं मला त्यांचं आयुष्य वाचताना वाटत राहतं.

अर्देशीर यांचा जन्म १८६८ चा, मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी घरातला. लग्न झालं आणि १८९१ साली पत्नी बच्चूबाई राजाबाई टॉवरवरून पडून गेल्या. वय जेमतेम वीस. त्यांच्यासोबत नात्यातली आणखी एक मुलगीही गेली. खटला उभा राहिला, शहरभर गाजला, पण आरोप सिद्ध झाला नाही. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

ते वकील झाले. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. सुरुवात चांगली झाली, पण पुढे अशिलाच्या बाजूने सत्याला थोडा मुरड घालावी लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नकार दिला आणि सरळ मुंबईला परतले. वकिली तिथेच संपली. करिअरच्या सुरुवातीलाच असं पाऊल उचलणं म्हणजे काय, हे पहिल्या नोकरीत असलेल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

मग एका औषधवाल्याकडे काम, आणि तिथून शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायची कल्पना. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी भांडवल दिलं. माल चांगला झाला. विकत घेणाऱ्या ब्रिटिश माणसालाही तो पसंत होता. अडलं कुठे, तर शिक्क्यावर. वस्तू भारतात बनली आहे असं तिच्यावर लिहायचं, हा अर्देशीर यांचा आग्रह. तसं लिहिलं तर खपणार नाही, हे गिऱ्हाइकाचं म्हणणं. दोघंही हटले नाहीत आणि धंदा बुडाला. त्यांच्या डोक्यावर कर्ज राहिलं.

त्याच सुमारास मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येत होत्या. अशी एक बातमी वाचून अर्देशीर यांना कुलपांची कल्पना सुचली. ते पुन्हा कामांकडे गेले, आणि कामांनी पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीजवळच्या एका छोट्या शेडमध्ये काम सुरू झालं. शेड किती छोटी? साधारण २१५ चौरस फूट. आज मुंबईच्या उपनगरात वन रूम किचन शोधायला गेलात तर एवढीच जागा दाखवतात. कारागीर गुजरात आणि मलबारकडून आणलेले. कंपनीच्या नावातला बॉइस हा काही काळापुरता भागीदार. तो गेला, नाव राहिलं.

आता कुलपाच्या आत डोकावू, कारण इथूनच आपली कार-चावी सुरू होते.

चांगल्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. चावीचा प्रत्येक दात एकेका लिव्हरला उचलतो. प्रत्येक लिव्हर बरोबर ठरलेल्या उंचीवर आला तरच खटका सरकतो. कमी उचलला तर नाही, आणि जास्त उचलला तरीही नाही. समजा ६ लिव्हर आहेत आणि प्रत्येकाला ८ उंच्या शक्य आहेत. गणित केलं तर २,६२,१४४ वेगवेगळ्या चाव्या होतात. थोडक्यात, दात म्हणजे पासवर्ड. फक्त तो पितळेत कोरलेला आहे.

त्या काळच्या कुलपांचं दुखणं होतं आतली स्प्रिंग. ती तुटायची आणि कुलूप कामातून जायचं. अर्देशीर यांनी स्प्रिंगच नसलेलं कुलूप बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं. एखादा भाग सारखा बिघडत असेल तर तो सुधारत बसण्यापेक्षा काढूनच टाकायचा, हे मला इंजिनीअर म्हणून फार आवडतं.

पण त्यांचं खरं कमाल कुलूप म्हणजे 'गॉर्डियन'. त्याला दोन चाव्या मिळायच्या. कुलूप दोन्हींनी उघडायचं, बंद व्हायचं. मात्र दुसऱ्या चावीत एक जास्तीची शक्ती होती. तिने कुलपाच्या आतली रचना बदलता यायची, आणि रचना बदलली की पहिली चावी निकामी. विचार करा, तुमची रोजची चावी बाजारात पडली. पूर्वी अशा वेळी कुलूप फेकून नवं आणावं लागायचं. आता घरी ठेवलेली दुसरी चावी फिरवली की हरवलेला तुकडा नुसतं लोखंड. ती सापडलेल्या माणसाने दारापर्यंत येऊन कितीही फिरवली तरी उपयोग नाही.

त्यांचं 'डिटेक्टर' नावाचंही एक कुलूप होतं. चुकीची चावी घातली तर खटका अडकून बसायचा आणि खऱ्या चावीनेच तो पूर्ववत करता यायचा. म्हणजे मालकाला कळायचं की मागे कोणीतरी हात मारला आहे. ही मूळ कल्पना इंग्लंडच्या चब बंधूंची, १८१८ ची. फोनवर चुकीचा पिन टाकल्यावर येणारा अलर्ट याच घराण्यातला.

आता गाडीकडे या. कार-चावीत बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिथेच गोंधळतात. पहिली म्हणजे रिमोट. बटण दाबलं की रेडिओ सिग्नल जातो, आपल्याकडे बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि दारं उघडतात. याला बॅटरी लागते. दुसरी म्हणजे इमोबिलायझरची चिप. ही चावीच्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेली असते, तिला बॅटरी नसते. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला क्षणभर वीज मिळते, ती आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच इंजिन सुरू राहतं. म्हणजे दार उघडणारी वेगळी आणि गाडी चालू करणारी वेगळी. फुटपाथवरचा चावीवाला दात हुबेहूब कापून देईल, दारही उघडेल, पण चिप नसेल तर गाडी हलणार नाही.

रिमोट दरवेळी तोच कोड पाठवत असता तर कोणीही तो रेकॉर्ड करून परत वाजवला असता. म्हणून रोलिंग कोड आला. रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते, प्रत्येक दाबाला ती पुढे जाते आणि तिच्यापासून नवा गुप्त कोड बनतो. गाडीकडेही तीच मोजणी असते. वापरून झालेला कोड गाडी पुन्हा घेत नाही. खिशात बटण चुकून दहाएक वेळा दाबलं गेलं तरी चालतं, कारण गाडी पुढचे काही कोड मान्य करते. फारच पुढे गेलं तर दोनदा लागोपाठ दाबून किंवा परत जोडून जुळवून घ्यावं लागतं.

मग प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? गाडीच्या मेमरीत ओळखीच्या चाव्यांची एक यादी असते, तीत नवं नाव घालणं. बस. काही जुन्या मॉडेलमध्ये आणि बाहेरून बसवलेल्या बऱ्याच सेंट्रल लॉकिंग किटमध्ये रिमोटपुरतं हे घरी होतं. इग्निशन ठराविक वेळा चालू-बंद करायचं किंवा किटवरचं लर्न बटण दाबायचं, गाडीने लॉकचा खटका देऊन किंवा इंडिकेटर लावून होकार दिला की नव्या रिमोटचं बटण दाबायचं. क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे व्हिडिओपेक्षा तुमच्या गाडीचं ओनर्स मॅन्युअल उघडा. काही सेकंदांत पुढची पायरी केली नाही तर गाडी त्या मोडमधून बाहेर पडते, म्हणून आधी सगळं वाचून घ्या आणि मगच सीटवर बसा.

एक गोष्ट मात्र लिहूनच ठेवा. अनेक सिस्टिम लर्न मोडमध्ये गेल्या की जुनी यादी पुसतात. म्हणून घरातले सगळे रिमोट हाताशी ठेवून त्याच बैठकीत एकेक परत जोडायचे. लोकांना हा त्रास वाटतो. मला वाटतं हीच सोय आहे. जो रिमोट तुमच्या हातात नाही, तो यादीतून गेला. गॉर्डियनची दुसरी चावी फिरवल्यासारखं. सगळ्याच गाड्या असं करत नाहीत, तेव्हा हरवलेला रिमोट खरंच निघाला का, हे विचारून घ्या.

चिपचं काम मात्र बहुतेक नव्या गाड्यांत घरी होत नाही. त्याला डायग्नोस्टिक मशीन आणि गाडीचा सुरक्षा कोड लागतो, म्हणून सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. खर्च होतो, हे खरं. पण तिथे गेलात तर फक्त स्पेअर मागू नका. मेमरीत सध्या किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते बघायला सांगा. हातात दोन आणि नोंद तीन असेल, तर तिसरी काढून टाकायला सांगा. सेकंडहँड गाडीसाठी तर हे पहिल्याच आठवड्यात करा. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्स कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते, तेव्हा दुसरी चावी कुठे आहे हेही आजच बघून ठेवा.

इकडे अर्देशीर कुलपांवर थांबले नाहीत. १९०१ च्या सुमाराला त्यांनी तिजोरीवर काम सुरू केलं. चोर तर नकोच, पण आगही आतपर्यंत पोचता कामा नये, ही त्यांची अट. जोड कमीत कमी ठेवण्यासाठी पोलादाचा पत्रा वाकवून पेटी करायची, अशी दिशा त्यांनी धरली. १९०२ मध्ये गोदरेजची तिजोरी बाजारात आली. पुढे धाकटा भाऊ पिरोजशा सोबत आला. अर्देशीर वस्तूत रमणारे, पिरोजशा कारखान्यात. जोडी जमली.

मग अचानक साबण! त्या काळी साबणात प्राण्यांची चरबी असायची आणि ती अनेकांना चालत नव्हती. अर्देशीर यांनी वनस्पती तेलाचा साबण केला आणि १९१८ मध्ये तो विकायला आणला. नाव ठेवलं चावी. नंतर नंबर २ आला आणि त्यानंतर नंबर १. उलटा क्रम मुद्दाम होता. नंबर २ इतका चांगला, तर नंबर १ कसा असेल, असं लोकांच्या मनात यावं म्हणून.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. तेव्हाचे ३ लाख. पण स्वदेशी आहे म्हणून खराब माल खपवून घ्या, हे त्यांना मान्य नव्हतं. शिक्क्यासाठी धंदा बुडवलेला माणूस, त्याला शिक्क्याच्या आड लपलेली वस्तू कशी चालणार?

१९२८ मध्ये त्यांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती दिला आणि नाशिकला शेती करायला निघून गेले. शेती काही जमली नाही. जानेवारी १९३६ मध्ये ते गेले. मूलबाळ नव्हतं. विक्रोळीची जमीन पिरोजशांनी घेतली ती १९४३ मध्ये, म्हणजे लोकलच्या खिडकीतून दिसणारं ते गोदरेज अर्देशीर यांनी कधी पाहिलंच नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या तिथेच तयार झाल्या, बाहेरून उघडता येणार नाही अशा कुलपासकट.