घरच्या एस्प्रेसोचा ओतारी

उंच काचेचा पेला, तळाशी कॅरॅमलचा तांबूस थर, त्यावर बर्फ आणि थंड दूध, आणि सर्वांत वर हळूहळू खाली झिरपत जाणारी काळीभोर एस्प्रेसो. २०१२ साली मुंबईच्या हॉर्निमन सर्कलजवळ स्टारबक्सचे भारतातील पहिले दालन उघडले, त्याच्या आधीपासूनच हे पेय महानगरी तरुणाईच्या ओळखीचे झाले होते. पुढे ते घरी करून पाहण्याची हौस वाढली. साखर जाळून कॅरॅमल करता येते, दूध आणि बर्फ घरात असतोच. अडते ते एस्प्रेसोपाशी. कॉफी हाऊसमधले यंत्र लाखांच्या घरात जाते आणि ओट्यावर मावतही नाही. मग बहुतेकांच्या हाती येते ते कमरेशी निमुळते झालेले, आठ पैलूंचे, अॅल्युमिनियमचे एक छोटे भांडे. त्याला मोका पॉट म्हणतात. हे भांडे बाजारात आणणाऱ्या अल्फोन्सो बियालेत्ती यांचे नाव इटलीत घरोघरी पोहोचलेले आहे. आपल्याकडे मात्र भांडे माहीत असणाऱ्यांनाही माणूस माहीत नसतो.

बियालेत्ती यांचा जन्म १८८८ सालचा, उत्तर इटलीतील पिएमोन्ते प्रांतातल्या कासाले कोर्ते चेर्रो या गावचा. आल्प्सच्या पायथ्याशी, ओर्ता सरोवराच्या परिसरातला हा डोंगराळ मुलूख. शेती बेताची, त्यामुळे धातुकाम आणि परमुलखातली मजुरी हेच येथील अनेक कुटुंबांचे आधार होते. तरुण अल्फोन्सोही फ्रान्सला गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथील अॅल्युमिनियमच्या उद्योगात राबले. अॅल्युमिनियम तेव्हा तसा नवाच धातू होता. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची रीत सापडली, तोपर्यंत त्याची गणना मौल्यवान धातूंत होत असे. वीज स्वस्त झाली आणि हा राजेशाही धातू हळूहळू स्वयंपाकघरात उतरू लागला.

फ्रान्समध्ये बियालेत्ती यांनी ओतकामाची एक खास पद्धत आत्मसात केली. वाळूच्या साच्यात धातू ओतला की प्रत्येक वेळी साचा मोडावा लागतो. त्याऐवजी धातूचाच कायमचा साचा वापरला, तर त्यातून एकसारखे नग पुन:पुन्हा काढता येतात आणि ते अधिक गुळगुळीतही निघतात. हे कसब घेऊन ते पहिल्या महायुद्धानंतर मायदेशी परतले आणि १९१९ मध्ये ओमेन्याजवळच्या क्रुसिनाल्लो येथे त्यांनी स्वत:ची ओतशाळा थाटली. घरगुती वापराच्या अॅल्युमिनियमच्या वस्तू तेथे तयार होत. शोधक म्हणून नाव कमवावे, असा त्या काळी त्यांचा मनसुबा असल्याचे दिसत नाही. ते कसबी ओतारी होते आणि धंदा नेकीने चालवत होते.

त्या वेळच्या इटलीत कॉफीची दोन वेगळी जगे होती. एक बारमधले. तूरिनच्या आंजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले होते. मिलानच्या लुइजी बेत्झेरा यांनी १९०१ मध्ये एकेका कपाची कॉफी झटपट काढणारे यंत्र रचले आणि देझिदेरिओ पाव्होनी यांनी ते बाजारात आणले. पितळेची झळाळती, माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारी ही यंत्रे चालवायला सराईत हात लागत. बारमध्ये जाऊन उभ्याउभ्या एस्प्रेसो घेणे हा प्रामुख्याने पुरुषांचा विरंगुळा होता. दुसरे जग घरातले. तेथे पाणी उकळून कॉफी मुरवत ठेवायची किंवा नापोलीकडचे उलटे करायचे भांडे वापरायचे, म्हणजे गरम पाणी आपल्या वजनाने भुकटीतून थेंबथेंब खाली उतरते. आपल्याकडच्या दाक्षिणात्य फिल्टरचे तत्त्वही तेच. चव चांगली, पण त्यात बारमधल्या कॉफीचा जोर नाही आणि वेळही पुष्कळ लागतो. घरातल्या स्त्रियांच्या वाट्याला, म्हणजे अर्ध्याअधिक इटलीच्या वाट्याला, हीच कॉफी येत होती.

ही दोन जगे जोडण्याची कल्पना बियालेत्ती यांना धुण्याच्या भांड्यावरून सुचली, अशी कथा आहे. त्या काळी कपडे उकळण्यासाठी एक मोठे पिंप वापरत. त्याच्या मधोमध एक पोकळ नळी असे. तळाचे साबणाचे पाणी तापले की नळीतून वर चढे आणि कपड्यांवर फवारले जाई. वरचे पाणी कपड्यांतून झिरपून पुन्हा तळाशी. हे पाहता पाहता त्यांना कपड्यांच्या जागी कॉफी दिसली, असे सांगतात. शोधांच्या अशा कथा मागाहून घोटीव होतात, हे ध्यानात ठेवूनही ही कथा पटण्याजोगी वाटते, कारण यंत्राची मूळ चाल खरोखर तीच आहे. मात्र कल्पनेपासून भांड्यापर्यंतची वाट एकट्याने चालून झालेली नाही. लुइजी दे पोन्ती या अभियंत्याचे नाव या यंत्राच्या रचनेशी जोडले जाते आणि काही जण तर शोधाचे श्रेय त्यांनाच देतात. लोकांच्या स्मरणात राहिले ते भांड्यावर कोरलेले नाव.

१९३३ मध्ये मोका एक्स्प्रेस सिद्ध झाले. येमेनच्या ज्या बंदरातून शतकानुशतके कॉफी जगभर गेली, त्या मोखाचे नाव त्याला मिळाले. रचना इतकी सोपी की पाहणाऱ्याला यात शोध कसला, असे वाटावे. खाली पाण्याचा कुंड, त्यात बसणारी नरसाळ्यासारखी गाळणी, वर कॉफी साठवणारा भाग आणि दोहोंना जोडणारे आटे. कुंड तापला की आत कोंडलेली हवा आणि वाफ पाण्याला खाली रेटते. सुटायला दुसरी वाट नसल्याने पाणी गाळणीच्या नळीतून वर चढते, भुकटीतून पार होते आणि वरच्या भागात कॉफी होऊन उतरते. दाब बेसुमार वाढू नये म्हणून कुंडाच्या अंगाला एक छोटी झडप असते. प्रेशर कुकर वापरणाऱ्या कोणत्याही मराठी गृहिणीला ही झडप आणि मधली रबरी रिंग समजावून सांगावी लागणार नाही. आठ पैलू हे त्या काळच्या नव्या शैलीचे भूषण. शिवाय त्यांमुळे भांडे पकडून पिळायला सोयीचे होते. मूठ बेकेलाइटची, म्हणजे हाताला चटका न देणारी.

काळही धातूला अनुकूल होता. इटलीत कोळसा आणि लोखंड तुटपुंजे, पण अॅल्युमिनियमचे खनिज आणि धबधब्यांची वीज दोन्ही उपलब्ध. मुसोलिनीच्या राजवटीने स्वावलंबनाचा घोष चालवला होता आणि अॅल्युमिनियमला जणू राष्ट्रीय धातूचा मान दिला होता. कॉफीच्या बाबतीत मात्र चित्र उलटे. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, राष्ट्रसंघाने निर्बंध लादले आणि बाहेरून येणारी कॉफी दुर्मीळ व महाग होत गेली. ज्या भूमीवर सैन्य धाडले, तीच कॉफीची जन्मभूमी मानली जाते! भांडे मुबलक आणि भांड्यात घालायची वस्तू टंचाईची, अशा विचित्र परिस्थितीत बियालेत्ती यांचा शोध वाढत होता.

वाढत होता म्हणणे थोडे धाडसाचेच. बियालेत्ती विक्रेते नव्हते. पिएमोन्तेतल्या आठवडी बाजारांत आणि जत्रांत जाऊन ते आपली भांडी विकत. मोका हे त्यांच्या अनेक वस्तूंपैकी एक होते. दुसरे महायुद्ध ऐन भरात येईपर्यंतच्या वर्षांत सुमारे ७० हजार नग खपले. एका ओतशाळेच्या मालकासाठी हा आकडा समाधानाचा. पण साऱ्या देशाची सकाळ बदलून टाकणाऱ्या वस्तूसाठी तो नगण्यच. पुढे युद्धाने अॅल्युमिनियम गिळंकृत केले, उत्पादन थांबले आणि मुलगा रेनातो जर्मनीत युद्धकैदी झाला. पन्नाशी ओलांडलेल्या बियालेत्ती यांच्या हाती त्या वेळी उरले होते काय? बंद पडलेला कारखाना, शत्रूच्या कैदेतला मुलगा आणि बाजारपेठेने अर्धवट ओळखलेले एक भांडे.

१९४६ मध्ये रेनातो परतला आणि त्याने कारभार हाती घेतला. त्याने इतर वस्तूंचा पसारा आवरला आणि सारा भर एकट्या मोकावर दिला. फलक, वर्तमानपत्रे, रेडिओ, मिलानचा व्यापारमेळा, जेथे म्हणून लोकांची नजर किंवा कान पोहोचेल तेथे त्याने भांडे नेले. घरबसल्या बारसारखी एस्प्रेसो मिळेल, हा वायदा त्याने देशाच्या कानी घातला. पन्नाशीच्या दशकात व्यंगचित्रकार पाउल काम्पानी यांनी कंपनीसाठी मिशाळ, बोट उंचावून कॉफी मागणाऱ्या बुटक्या गृहस्थाचे चित्र रेखाटले. १९५७ मध्ये इटालियन दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा कार्यक्रम सुरू झाला आणि हा मिशाळ माणूस घरोघरीचा पाहुणा बनला. ते चित्र पित्यावर बेतले की पुत्रावर, याबद्दल आजही एकमत नाही. मोकाच्या अंगावर तो अजून बोट वर करून उभा असतो. आजवर विकल्या गेलेल्या नगांची संख्या २० कोटींच्या पुढे सांगितली जाते.

पुत्राच्या या झगमगाटात पित्याचे श्रेय झाकोळले, असे अनेकदा लिहिले जाते. प्रस्तुत लेखकाला ते अर्धेच खरे वाटते. रेनातोने ज्या भांड्याचा डंका पिटला, त्यात त्याला मुळातून फारसे काही बदलावे लागले नाही. १९३३ चा मोका आणि आज दुकानात मिळणारा मोका शेजारी ठेवले, तर नात्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही.

आता त्या वायद्याची थोडी झाडाझडती घ्यायला हवी. मोकातून येते ती काटेकोर अर्थाने एस्प्रेसो नव्हे. मिलानच्या आकिल्ले गाज्जा यांनी १९४७ मध्ये तरफेच्या दट्ट्याचे यंत्र आणले, तेव्हापासून एस्प्रेसो म्हणजे सुमारे नऊ बार दाबाची आणि वर सोनेरी साय धरणारी कॉफी, असे समीकरण रूढ झाले. मोकात दाब जेमतेम एक ते दोन बार. साय जवळजवळ येतच नाही. मात्र बियालेत्ती यांनी भांडे घडवले, तेव्हा बारमधल्या वाफेच्या यंत्रांचा दाबही साधारण तेवढाच होता. म्हणजे त्यांचा दावा खोटा नव्हता. पुढे बारमधली कॉफी बदलली.

आणि बर्फ, दूध व कॅरॅमलच्या पेयात सायीचे महत्त्व तरी किती? बर्फावर पडताच ती विरून जाते. दूध आणि साखरेच्या गर्दीतही उठून दिसेल अशी दाट, किंचित कडवट कॉफी तेथे लागते आणि ती मोका चोख देतो. तीन कपांच्या मोकातून साधारण १२० मिलिलिटर कॉफी निघते. दोन मोठ्या पेल्यांना ती पुरते. पाणी झडपेच्या खालपर्यंतच भरावे. कॉफी रव्याहून किंचित बारीक दळलेली असावी, गाळणी भरून वरून सपाट करावी, पण दाबू नये. आच मंद ठेवावी आणि गुरगुर सुरू होताच भांडे उतरवावे, नाहीतर कॉफी करपट होते. कॅरॅमलसाठी जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळू द्यावी. रंग मधासारखा गडद झाला की आच बंद करून पाव कप गरम पाणी किंवा साय बेताबेताने घालावी. मिश्रण जोराने उसळते, म्हणून हात लांब ठेवलेला बरा. ते निवल्यावर दोन चमचे पेल्याच्या तळाशी, त्यावर बर्फ, दीडशे मिलिलिटर थंड दूध आणि शेवटी चमच्याच्या पाठीवरून हळूच कॉफी. मोका नंतर नुसत्या पाण्याने धुऊन कोरडा पुसावा. भांडी धुण्याच्या यंत्रात अॅल्युमिनियम काळवंडते.

अल्फोन्सो बियालेत्ती १९७० मध्ये निवर्तले. कॉफीच्या भांड्यांशी घराण्याचा ऋणानुबंध मुलीच्या बाजूनेही चालू राहिला. क्रुसिनाल्लोतच १९२८ पासून आलेस्सी कुटुंबाचा धातुवस्तूंचा कारखाना होता. तेथील आल्बेर्तो आलेस्सी हे बियालेत्ती यांचे दौहित्र. त्यांच्या कंपनीने १९७९ मध्ये रिचर्ड सॅपर यांच्याकडून पोलादी एस्प्रेसो भांडे घडवून घेतले आणि त्याला इटलीतील प्रतिष्ठेचे डिझाइन पारितोषिक लाभले. आजोबांचे अॅल्युमिनियमचे भांडेही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाण्याइतके मोठे झाले. पुढे मूळ कंपनीची मालकी बदलत गेली. २०१० मध्ये क्रुसिनाल्लोचा जुना कारखाना बंद पडला आणि त्या गावात मोका घडण्याचे थांबले.

रेनातो बियालेत्ती २०१६ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी वारले. त्यांच्या अस्थी एका मोठ्या आकाराच्या मोका एक्स्प्रेसमध्ये ठेवण्यात आल्या. कासाले कोर्ते चेर्रोतल्या मोन्तेबुल्यो येथील चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ते भांडे वेदीसमोर होते, मिशाळ माणसाच्या चित्रासह, आणि नंतर ते तसेच कुटुंबाच्या थडग्यात नेण्यात आले.