लुई पाश्चर : कोंबड्यांच्या पटकीतून लसीपर्यंत पोहोचलेला शास्त्रज्ञ

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचं नाव देशभर गेलं. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावात भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही सावदा, मारूळ अशा गावांपर्यंत रोग पोहोचल्याचं स्पष्ट झालं. मोठ्या पोल्ट्री फार्मबरोबर आसपासच्या घरांच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. अडीअडचणीला चार कोंबड्या विकून मीठ-मिरची आणणाऱ्या घरांसाठी तो मोठा फटका होता.

एका खुराड्यातला रोग दुसऱ्या खुराड्यात जातो कसा? या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध माग २००६ च्या सव्वाशे वर्षं आधी लुई पाश्चर यांनी काढला होता. पाश्चर म्हटलं की दुधाचं पाश्चरीकरण आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस आठवते. पण प्रयोगशाळेत तयार केलेली त्यांची पहिली लस कोंबड्यांसाठी होती.

चामडं कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील चामडं कमावण्याचा व्यवसाय करत. लुई यांचं बालपण आर्ब्वा या लहान गावात गेलं. पुढे पॅरिसमध्ये शिकून ते रसायनशास्त्रज्ञ झाले. ते डॉक्टरही नव्हते आणि पशुवैद्यही नव्हते. दारू का आंबते, दूध का नासतं या प्रश्नांचा पाठलाग करताना ते सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचले.

रोग हा त्यांच्यासाठी नुसता अभ्यासाचा विषय नव्हता. १८५९ मध्ये त्यांची थोरली मुलगी जान विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामिय दगावली आणि १८६६ मध्ये सेसिललाही विषमज्वरानेच नेलं. पाच मुलांपैकी दोनच मोठी झाली.

रेशमाच्या किड्यांनी दिलेला धडा

याच काळात फ्रान्सच्या दक्षिणेला रेशीम उत्पादक हवालदिल झाले होते. रेशमाचे किडे रोगाने पटापट मरत होते. सरकारच्या विनंतीवरून पाश्चर १८६५ मध्ये आले या गावी गेले. तोवर त्यांनी रेशमाच्या किड्यांवर कधी काम केलं नव्हतं.

त्यांनी शोधलेला उपाय कोणालाही जमेल असा होता. अंडी घालून झाली की मादी पतंग चुरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. रोगाचे कण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची, नाहीतर ठेवायची. आजारी किड्याला बरं करण्यापेक्षा निरोगी बीज आजारी बीजापासून वेगळं ठेवणं त्यांना साधलं. हे काम चालू असतानाच ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू अधू झाली. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. पुढची मोठी कामं त्यांनी अधू हाताने, सहकाऱ्यांच्या मदतीने केली.

कोंबड्यांची पटकी

कोंबड्यांना होणाऱ्या कॉलऱ्याला पटकी म्हणतात, मात्र माणसाच्या पटकीशी त्याचा संबंध नाही. पंख पाडून, झोपाळल्यासारखी बसलेली कोंबडी एक-दोन दिवसांत मरते. तुलूझचे पशुवैद्यक प्राध्यापक आंरी तुसँ यांनी या रोगाचा जंतू पाश्चर यांच्याकडे पाठवला. नेहमीच्या यीस्टच्या पाण्यात तो वाढेना, पण कोंबडीच्याच रश्शात झपाट्याने वाढला.

हा जंतू लावलेला पावाचा किंवा मांसाचा तुकडा खाल्ला तरी कोंबडी आजारी पडते, हे पाश्चर यांनी दाखवून दिलं. तिच्या विष्ठेत जंतू खच्चून भरलेले असतात. अंगणात टिपणाऱ्या बाकीच्या कोंबड्या तीच घाण चोचीत घेतात. म्हणजे रोगाची वाट विष्ठेतून चाऱ्या-पाण्यात आणि तिथून पुढच्या कोंबडीत जात होती.

दुसरं निरीक्षण आणखी महत्त्वाचं ठरलं. गिनीपिगला हाच जंतू टोचला तर नुसतं गळू होत असे. त्याचं खाणंपिणं नीट चाले, पण गळवातला पू जंतूंनी भरलेला असे आणि सोबतच्या कोंबड्या त्यामुळे मरू शकत. वरून धडधाकट दिसणारा प्राणीही रोग पसरवू शकतो, ही गोष्ट इथे समोर आली.

पाश्चर यांनी उपायही सांगितले. कोंबड्या काही दिवस वेगवेगळ्या ठेवाव्यात, उकिरडा हलवावा आणि अंगण भरपूर पाण्याने धुवावं. त्या पाण्यात थोडं गंधकाम्ल घातलं तर जंतू मरतो, असंही त्यांनी दाखवलं.

लस कशी सापडली?

१८७९ च्या सुट्टीत विसरून राहिलेला जुना रस्सा टोचला, कोंबड्या मेल्या नाहीत आणि पुढे ताजा जंतूही त्यांना मारू शकला नाही, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या बऱ्याच दशकांनी अभ्यासकांना पाहायला मिळाल्या, तेव्हा चित्र थोडं वेगळं दिसलं. हा एका दिवसाचा योगायोग नव्हता. त्यामागे एमिल रू यांच्यासह अनेक महिन्यांचे प्रयोग होते. हवेत जुना होत गेलेला जंतू दुबळा होतो आणि संरक्षण देतो, हे १८८० मध्ये पाश्चर यांनी जाहीर केलं. मात्र या लसीची ताकद कमी-जास्त होई, त्यामुळे कोंबडीपालकांना तिचा भरवशाचा उपयोग झाला नाही. तिचं तत्त्व मात्र टिकलं.

१८८१ मध्ये त्याच तत्त्वावर मेंढ्यांसाठी फाशी रोगाची लस आली. ६ जुलै १८८५ रोजी ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस देण्यात आली आणि तो वाचला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली. तिथे काम केलेले हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले आणि १८९७ मध्ये मुंबईत त्यांनी प्लेगची लस तयार केली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचं निधन झालं. कोंबड्यांच्या पटकीच्या जंतूला आज पाश्चुरेला म्हणतात.

आजच्या परसात

पटकी जंतूमुळे होते, तर राणीखेत म्हणजे मानमोडी आणि बर्ड फ्लू विषाणूंमुळे. त्यामुळे प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा असतो. मानमोडीवर लस मिळते आणि ती वेळेवर टोचून घ्यायला हवी. २००६ मध्ये खानदेशात बर्ड फ्लूवर लस हा उपाय नव्हता. रोग थांबवण्यासाठी पक्षी मारणं आणि परिसर निर्जंतुक करणं हाच मार्ग होता.

तरीही रोगाच्या वाटा बऱ्याच अंशी त्याच आहेत. आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी ठणठणीत दिसली तरी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवावी. पाण्याचं भांडं विष्ठा पडणार नाही अशा उंचीवर ठेवावं आणि रोज धुवावं. दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊन आल्यावर हातपाय व चपला धुवाव्यात. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. एकापाठोपाठ कोंबड्या मरू लागल्या, तर उरलेल्या घाईने विकण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं आणि मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये. विकलेल्या कोंबडीबरोबर रोग पुढच्या गावात पोहोचतो. पाश्चर यांच्या गिनीपिगप्रमाणे ती कोंबडीही बाजारात धडधाकटच दिसत असते.