सुकुमार राय : यमक आणि चित्र यांची जोड

लहान मुलांसाठी यमकबद्ध चित्रपुस्तक कोणत्या कसोटीवर निवडावे, हे बंगाली कवी सुकुमार राय यांच्या चरित्रावरून आपणास समजून घेता येईल.

सुकुमारांचा जन्म १८८७ साली कलकत्त्यात झाला. वडील उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ होते. विज्ञानाची पदवी घेतल्यानंतर सुकुमारांनी १९११ ते १९१३ या काळात इंग्लंडमध्ये छायाचित्रण व मुद्रण यांचे शिक्षण घेतले. वडिलांनी १९१३ साली सुरू केलेल्या ‘संदेश’ या बालमासिकाच्या संपादनाची धुरा १९१५ मध्ये त्यांच्याकडे आली.

आपल्या कवितांची चित्रे ते स्वतःच काढीत. ‘हाँस’ म्हणजे बदक आणि ‘सजारू’ म्हणजे साळिंदर. या दोन शब्दांतील समान ‘स’ सांधून त्यांनी ‘हाँसजारू’ हा प्राणी निर्माण केला. शब्दांचा सांधा कानाला जाणवतो, देहांचा सांधा चित्रात दिसतो.

१९२१ साली पुत्र सत्यजित यांचा जन्म झाला आणि त्याच वर्षी सुकुमारांना काळा आजार जडला. रुग्णशय्येवरूनही ते ‘आबोल ताबोल’ या संग्रहाचे काम करीत राहिले. १० सप्टेंबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाले. छापील प्रत त्यांना पाहता आली नाही.

पुस्तक निवडताना आपण प्रथम कविता मोठ्याने वाचावी व यमक सहज उमटते का, ते पाहावे. नंतर चित्र झाकून पाहावे. चित्रावाचून कविता अपुरी वाटली, तर ते पुस्तक मुलाच्या हाती अवश्य द्यावे.