आलूतला लाल रंग शोधणाऱ्या कमलाबाई

गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांत जेवढे रंग दिसतात, जवळपास तेवढेच थंडीच्या दिवसांत भाजीच्या हातगाडीवर दिसतात. गाजराचा केशरी, टमाट्याचा लाल, बीटाचा गर्द, वांग्याच्या सालीचा जांभळा. हे रंग कर्करोगाशी लढतात, असे हल्ली कुणीही सांगतो. त्याच गाडीवर आलूही असतो. तो पांढरट, म्हणून त्याच्याबद्दल असे कुणी बोलत नाही. पण याच आलूवर काम करताना एका मराठी शास्त्रज्ञ बाईंना एक लाल रंगद्रव्य सापडले होते. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या. वडील-काकांप्रमाणे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकायचे, हे त्यांनी ठरवलेच होते. पण संस्थेचे संचालक, नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी असल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारला.

काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष चाचणीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. पण काम सोडले नाही. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांचा अभ्यास करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांनी मुलींना प्रवेश देणे सुरू केले.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात, रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या पेशी श्वसन कसे करतात, याचा अभ्यास केला. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींतल्या एका रंगद्रव्याला सायटोक्रोम हे नाव दिले होते. या शब्दाचा अर्थच पेशीतला रंग. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्यासारखेच यातही लोह असते. अन्नातून ऊर्जा काढताना ते पेशीच्या आत इलेक्ट्रॉन पुढे पोचवण्याचे काम करते. आलूवर काम करताना कमलाबाईंनी दाखवले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते. म्हणजे माणूस असो की आलू, पेशीच्या आतली चूल एकाच पद्धतीने पेटते. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध सादर केला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटातले अन्न हा त्यांचा विषय राहिला. नीरेतली पोषकद्रव्ये त्यांनी तपासली आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचू न देणारे घटक असतात, यावरही त्यांनी संशोधन केले. आपण डाळ-उसळ नीट शिजवून खातो, त्यामागे हेही एक शास्त्र आहे. संस्थेचे संचालकपद मात्र हक्क असूनही त्यांना कित्येक वर्षे उशिरा मिळाले. पुढे ग्राहक चळवळीत त्या उतरल्या आणि अन्नाच्या शुद्धतेविषयी सामान्य माणसाला समजेल असे लिहीत राहिल्या.

आता त्या लाल रंगाची पुढची गोष्ट. १९९६ मध्ये अमेरिकेत शिआओडोंग वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सायटोक्रोम सीला दुसरेही एक काम आहे. आपली पेशी खूप बिघडली की हे द्रव्य आपली जागा सोडून बाहेर येते आणि ती पेशी स्वतःला संपवते. कर्करोगाच्या पेशी नेमकी हीच वाट बंद करून जगत राहतात. ती वाट पुन्हा उघडणे, हे आजच्या कित्येक औषधांचे उद्दिष्ट आहे.

याचा अर्थ आलू खाल्ल्याने कर्करोग बरा होतो, असा मुळीच नाही. खाल्लेले सायटोक्रोम पोटात इतर प्रथिनांसारखे पचून जाते. आपल्या पेशी आपले सायटोक्रोम स्वतःच तयार करतात.

गाजराच्या रंगाबाबतही हाच विवेक हवा. त्यातले बीटा कॅरोटीन गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी आशा होती. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. म्हणून रंग खायचा तो भाजीतून. गाजर, पालक, टमाटे, बीट, वांगी आलटून पालटून ताटात असू द्या. त्यातला तंतूही पोटाला लाभतो. तंबाखू आणि खर्रा मात्र सोडायलाच हवा. त्याचे नुकसान कोणतीही भाजी भरून काढत नाही. तोंडात बरी न होणारी जखम वा चट्टा दिसला, तर बीटाच्या रसावर विसंबून दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कमलाबाईंचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. आलूतला तो लाल रंग कर्करोगाच्या अभ्यासात पोचल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.