तंजावरचे सरफोजी राजे : गादी आणि मान्यता

तंजावरहून कुंभकोणमकडे येताना पापनाशम मागे पडले की सुंदरपेरुमाळ कोयिल लागते, मग स्वामीमलै, दारासुरम आणि कुंभकोणम. कोयिल म्हणजे देऊळ. स्टेशनाच्या पाटीवरच देवाचे नाव असलेला हा मुलूख. इथे ज्याला राज्य करायचे त्याला आधी देवळाच्या दारात उभे राहावे लागले. चोळांना, नायकांना आणि आपल्या मराठी राजांनाही. नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी तंजावरचा राजवाडा आणि सरस्वती महाल पाहिलेला असतोच. ज्यांच्या नावाने तो ग्रंथालयाचा पसारा ओळखला जातो, त्या दुसऱ्या सरफोजी राजांची हकिकत मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

तंजावरचे भोसले घराणे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांचे. महाराजांनी १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला तेव्हा राज्य त्यांच्या हाती होतेच. गागाभट्टांच्या हातून त्या राज्याला धर्माची मान्यता मिळाली. पुढे दोन वर्षांच्या आत व्यंकोजींनी तंजावर घेतले. शंभर वर्षांनंतर त्यांच्या वंशात उलटा प्रकार घडला. धर्माची मान्यता हाती आली आणि राज्य गेले.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांना वारस उरला नव्हता, म्हणून १७८७ च्या जानेवारीत त्यांनी भोसले घराण्याच्या शाखेतील या मुलाला दत्तक घेतले. त्याच वर्षी तुळजाजी वारले. त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने बारा पंडितांचे मत मागवले. पंडितांनी निर्णय दिला की मुलगा आईबापांचा एकुलता एक, वयाने मोठा आणि दत्तक घेतेवेळी राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते, सबब दत्तविधान अशास्त्र. अमरसिंह गादीवर बसले. पंडितांना पैसे चारले गेले असा आरोप पुढे झाला.

तुळजाजींनी मुलाची काळजी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे सोपवली होती. त्याने सरफोजींची बाजू लावून धरली. राजवाड्यात मुलाचे हाल होत होते. १७९३ मध्ये तुळजाजींच्या राण्यांसह त्याला मद्रासला हलवण्यात आले आणि तिथे त्याचे शिक्षण झाले. दरम्यान कंपनी सरकारने काशी आणि बंगालच्या पंडितांकडे तोच प्रश्न पाठवला. त्यांनी तेच दत्तविधान सशास्त्र ठरवले! १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. अमरसिंहांना पेन्शन देऊन तिरुविडैमरुदूर येथे ठेवण्यात आले. आपल्याच लाइनवरचे, कुंभकोणमच्या पलीकडचे हे स्टेशन.

मुलगा तोच, विधी तोच, शास्त्रही तेच. अकरा वर्षांत बदलली ती विचारणाऱ्याची गरज. याचा पुरावा लगेच मिळाला. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, दरसाल एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले.

आपल्या रेल्वेच्या भाषेत सांगतो. पूर्वी सिंगल लाइनवर इंजिनात कितीही ताकद असली तरी टोकन हाती आल्याखेरीज ड्रायव्हर पुढच्या सेक्शनमध्ये गाडी नेत नसे. सरफोजींच्या हाती टोकन होते, पण इंजिन कंपनीने काढून नेले होते. असा राजा एक तर ऐषारामात बुडतो किंवा कटकारस्थानात. सरफोजी राजांनी तिसरी वाट धरली.

१८०१ साली त्यांनी रेसिडेंटला पत्र लिहिले, ते घराण्याच्या अन्नछत्रांविषयी. रामेश्वरच्या वाटेवरील या छत्रांतून ब्राह्मणापासून अस्पृश्य गणलेल्यांपर्यंत सर्वांना अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, मुलांना विद्या मिळे. महसूल आणि न्याय गेल्यावर निदान ही छत्रे आपल्याकडे राहावीत अशी त्यांची विनंती होती. मला वाटते, त्यांचे राजेपण या पत्रात दिसते. पुढे छत्रांतून शाळा चालल्या. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांच्याच काळातले.

राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेल्या बृहदीश्वर मंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार केला. आवारातील गणपतीचे देऊळ नव्याने बांधले. १८०३ साली त्याच मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा सविस्तर इतिहास मराठीत कोरवला. कारभार गेल्यावर अवघ्या चार वर्षांत एवढा मोठा लेख कोरण्यामागे भक्तीइतकाच हक्क सांगण्याचा हेतू असणार. ज्या भिंतींवर चोळांचे लेख, तिथेच आपलाही. कंपनीचा कागद दप्तरात राहतो, देवळाची भिंत सगळा गाव पाहतो, हे त्यांनी ओळखले होते.

मिशनऱ्याच्या हाताखाली वाढूनही त्यांनी धर्म सोडला नाही आणि गुरूचे ऋणही विसरले नाहीत. श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आहे. मरणशय्येवरील गुरूचा हात राजाने धरलेला आहे. १८२० साली ते सुमारे तीन हजार लोकांसह काशीयात्रेला निघाले आणि तिथून हस्तलिखिते मिळवून आणली. नायकांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवून सरस्वती महालाला आजचे वैभव दिले. मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू अशा सर्व भाषांचे ग्रंथ तिथे आले. त्यांच्या छापखान्यात १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर देवनागरीत छापले गेले. धन्वंतरी महालात औषधे तयार होत. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवलेल्या आजही पाहायला मिळतात.

केवळ गुणगान करून चालणार नाही. हा सारा खर्च अखेर कावेरीकाठच्या रयतेच्या महसुलातूनच येत होता, आणि ती रयत कंपनीच्या वसुलीखाली होती. तिच्यासाठी कंपनीशी भांडण्याचे बळ राजांकडे नव्हते. कंपनीलाही असाच राजा सोयीचा होता. इंग्रजांचा नेपोलियनवर विजय झाला म्हणून समुद्रकिनारी मनोरा बांधणारेही तेच सरफोजी.

७ मार्च १८३२ रोजी ते वारले. पुत्र शिवाजी राजे गादीवर आले. १८५५ मध्ये तेही पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. या वेळी पंडितांचे मत मागवण्याची गरज कोणाला वाटली नाही. ज्या सनदेसाठी एवढा वाद झाला होता ती संपली. पण बृहदीश्वरासह ८८ देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद घराण्याकडे राहिले आणि ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

सत्तेला धर्माचा शिक्का लागतो, आणि सत्ता हवा तसा शिक्का मिळवूही शकते. तंजावरचे दोन पंडितनिर्णय याची साक्ष आहेत. लोकांची मान्यता मात्र अशी मागवता येत नाही. परभाषेच्या मुलखात, इथल्या देवांना आपले मानून, इथल्या भाषांना मान देऊन, पंगतीत सर्वांना बसवून ती मिळवावी लागते. आपणही इथे दहा दिवस गणपती बसवतो, तमिळ शेजारी आरतीला येतात, प्रसाद घेतात. आपल्या उत्सवाची खरी परवानगी तीच, असे मी समजतो.

गणपती बाप्पा मोरया!